उताणे हात

— नाही नाही, बसा ना. बसायला कुणी नको म्हटलंय? फक्त त्याला हात लावू नका. आणि ती पिशवी टेबलावर नको, खाली ठेवा, खुर्चीच्या पायाशी. हं. तर काय म्हणत होता? परीक्षक. तीन परीक्षक. खेळण्यातल्या ठोकळ्यांना तीन परीक्षक. काय करतात हो ही मंडळी एरवी, पोटापाण्याचं? एक दातांचे डॉक्टर. बरं. एक नकाशे काढायच्या ऑफिसातून निवृत्त. बरं. आणि तिसरे? — तुम्हीच. म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी तुम्ही, परीक्षक तुम्ही, आणि पत्र घरपोच आणून देणारे पोस्टमनही तुम्हीच. एकेका माणसावर किती जबाबदाऱ्या पडतात. घरी बायको काही म्हणत नाही? ती पण क्लबात आहे. मग प्रश्नच मिटला.

वाचा, तुम्हीच वाचा, माझा चष्मा आतल्या खोलीत आहे आणि मला उठायचा कंटाळा आहे. 'सदर सांगाडा अत्यंत देखणा आहे.' थांबा. इथंच तुम्ही घसरलात. सांगाडा देखणा नसतो. सांगाडा बरोबर असतो नाहीतर चुकीचा असतो. देखणी असतात ती माणसं, तीसुद्धा लग्नाच्या फोटोत. हं, पुढं. 'तथापि.' आला, तथापि आला. दोन सुधारणा. एक, शेपटीचा मागचा भाग करड्या रंगाचा आहे, तो बाकीच्या सांगाड्यासारखा फिकट पिवळा करावा. दोन, पुढचे दोन्ही हात उलटे बसवलेत, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, ते बदलावेत. एवढं केलं की शनिवारी प्रदर्शनात मधल्या टेबलावर, दिव्याखाली. नाही केलं तर — भिंतीकडेला. आणि पिशवीत काय आहे? पिवळे ठोकळे. आणलेतसुद्धा. म्हणजे इथंच बसून, चहा पिता पिता, तुम्ही सुधारणा करून टाकणार होता.

चहा करणार होतो मी. आता नाही करत.

हे बघा, मी ह्या असल्या गोष्टींकडे कुठल्या नजरेनं बघतो ते आधी सांगतो, म्हणजे उगाच तुमचा गैरसमज नको. मी चौतीस वर्षं म्युझियममध्ये होतो. हुद्दा विचाराल तर तंत्रज्ञ, श्रेणी दोन. श्रेणी एक कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सांगाडे उभे करायचं काम. खाणीतून दगड यायचे, दगडात हाडं. तुमच्या त्या दातांच्या डॉक्टरकडे बारीक टोचणी असते ना, तसल्या टोचणीनं दगड खरवडून हाड मोकळं करायचं. एका मणक्याला सात आठवडे. सात आठवडे माणूस एका मणक्यावर वाकून बसतो, आणि त्या मणक्याखाली आणखी पन्नास वाट बघत असतात. हाड कसं असतं माहितीये? दगडाइतकं जड आणि बिस्किटासारखं ठिसूळ. जरा जोर झाला की भुगा. आणि हे — हे काय आहे? प्लॅस्टिक. वर टेंगळं, खाली खळगे. टेंगूळ खळग्यात दाबायचं, टक्क वाजतं, झालं. चुकलं तर काढायचं, परत लावायचं. चुकीची किंमतच नाही जिथं, तिथं कसली आलीय कारागिरी? ह्याला तुम्ही छंद म्हणा, मी आजवर चाळा म्हणत आलोय. मोठी माणसं, केस पांढरे झालेली, गुडघ्यात कळा येताहेत, आणि जमिनीवर मांडी घालून ठोकळे निवडताहेत. मी तिला तोंडावर म्हणायचो हे. पाठीमागे बोलायची आपल्याला सवय नाही.

कुणाला म्हणजे? बायकोला. ज्यांचं नाव तुमच्या यादीत आहे त्यांनाच. फॉर्म तिनंच भरलाय ना, तिच्याच अक्षरात, तुमच्याकडे असेल. मी भरलेला नाही. फोटोही मी पाठवलेले नाहीत, मेव्हणीनं पाठवले. तिला सवय आहे नको तिथं मदत करायची.

अडीच वर्षं हे टेबल असं आहे. जेवायचं टेबल हो हे. सहा माणसांचं. सहा माणसं कधी बसली नाहीत ती गोष्ट वेगळी, पण दोन तर बसायची. मी निवृत्त झालो, म्हटलं आता निवांत टेबलावर बसून जेवू, तर ह्या बाईनं एका सकाळी वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर डबे मांडले. आइस्क्रीमचे रिकामे डबे, अंड्यांचे ट्रे, माझ्या गोळ्यांची ती सात खणांची डबी — ती पण. खणाखणात ठोकळे. फिकट पिवळे, सगळे एकाच रंगाचे. म्हटलं, हे काय? म्हणाली, तुमचा प्राणी करणार आहे. माझा प्राणी म्हणजे म्युझियमच्या मोठ्या दालनातला. दोन पायांवर उभा, मांसखाऊ, नाकापासून शेपटीपर्यंत दहा मीटर. तो मी उभा केलाय. एकट्यानं नाही म्हणत, मदतीला माणसं होती, पण हाड न् हाड माझ्या हाताखालून गेलंय. बावीस वर्षं झाली, अजून उभा आहे. एक स्क्रू ढिला नाही. तर तो ही करणार, आठपट लहान, खेळण्यातून. मी हसलो. का हसू नये? तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत असं समजा, आणि घरी येऊन बघता तर बायको खोट्या नोटांनी पत्त्यांचा बंगला बांधतेय. हसाल की नाही? मग.

तेव्हापासून आम्ही स्वयंपाकघरात जेवायला लागलो. ती स्टुलावर, मी ओट्याला टेकून, ताटली हातात.

ती शिवणकाम करायची. घरीच. लोकांचे कोट, गणवेश, कुणाच्या जुन्या कपड्यांना नवं अस्तर. तीस वर्षं. त्यामुळे हाताला नीटपणा होता, ते मी कधी नाकारलं नाही — म्हणजे बोलून दाखवलं नाही, पण नाकारलंही नाही. कवटीला चार महिने घेतले तिनं. हा जबडा बघा, लांबून, लांबून बघा. दात आहेत ना, ती खेळण्यातल्या बैलांची शिंगं. बासष्ट. म्हणजे एकतीस बैल शिंगांवाचून झाले तेव्हा हा चावायला लागला. बरगड्यांना तिनं काय वापरलंय ठाऊक आहे? खेळण्यातल्या आगीच्या बंबाची नळी. सगळ्या घरभर बिनशिंगाचे बैल आणि बिननळीचे बंब. मी म्हटलं, तुझ्या राज्यात आग लागली तर विझवणार कोण. ती म्हणाली, तुम्ही आहात की गार पाणी ओतायला. — बोलायची ती. तुम्हाला वाटेल बिचारी गप्प बसणारी असेल. नव्हती. फक्त एकदाच गप्प बसली.

शेपटीचं आधी सांगतो. शेपटीचं सोपं आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय, 'बहुधा ठोकळे संपल्यामुळे.' ठोकळे संपलेले नाहीत. तो कपाटावरचा डबा दिसतो? आणि त्याच्या मागचा? काठोकाठ भरलेत, पिवळे. तिनं हिशेबानं आणून ठेवले होते. बावन्न मणके करायचे होते शेपटीला, एकोणीस झाले. एकोणिसावा लावला आणि त्या दिवशी पाठीत दुखतंय म्हणून आडवी झाली. हॉस्पिटलात अकरा दिवस. बाराव्या दिवशी — असो. तेहतीस राहिले होते.

ते मी केले.

त्यात काय आहे बघण्यासारखं? माझ्याकडे काय बघताय, शेपटीकडे बघा. मी केले कारण शेपटीवाचून तो पुढं कलंडतो. दोन पायांचं जनावर, पुढं तेवढं जड डोकं, मागं वजन नको? तिनं वहीत आकृत्या काढून ठेवल्या होत्या, प्रत्येक मणका किती ठोकळ्यांचा, कुठली बिजागरी कुठं. कुणीही केलं असतं. तुमच्या बायकोनंही केलं असतं. तर करडा रंग का. आमच्या कामाच्या खोलीत एक शिस्त होती. सांगाडा कधी पुरा मिळत नाही. काही हाडं नाहीतच सापडत, मग ती प्लास्टरची करून भरायची. पण भरलेलं हाड खऱ्यासारखं रंगवायचं नाही. एक छटा वेगळी ठेवायची. आमच्या वस्तादांचं म्हणणं, दहा हातांवरून एक दिसला पाहिजे, एका हातावरून दोन दिसले पाहिजेत. लांबून बघणाऱ्याला जनावर दिसावं. जवळ येऊन बघणाऱ्याला कळावं, की खरं कुठं संपलं आणि नंतर आलेल्या कुणीतरी कुठून भर घातली. नाहीतर ती फसवणूक. मेलेल्याच्या नावावर आपलं काम खपवायचं ही फसवणूक, दुसरं काय? म्हणून मी करडे ठोकळे विकत आणले. मुद्दाम. दुकानात जाऊन. तो दुकानदार विचारतो, नातवासाठी का? म्हटलं हो. मूलबाळ नाही आम्हाला, नातू कुठला? पण त्या माणसाला काय सांगणार, माझ्यासाठी? चार वेळा गेलो त्या दुकानात. चौथ्या वेळी म्हणतो, हुशार दिसतोय नातू. म्हटलं, नाही हो, मठ्ठ आहे, सारखं चुकतंय त्याचं.

तेव्हा शेपटी करडी राहील. पहिली सुधारणा निकालात निघाली. लिहून घ्या हवं तर.

आता हात.

हातांचं मला माहीत नाही असं वाटलं तुम्हाला? चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दातांचा डॉक्टर कळवतोय, की हात उलटे आहेत. तुमच्या कुठल्या पुस्तकात बघितलं त्यानं? चित्रात. हं. ह्या जनावराला हाताला तीन बोटं. आतलं बोट आखूड, आपला अंगठा असतो तसं. ते छातीच्या बाजूला हवं. ह्यात ते बाहेर आलंय, दोन्हीकडे. बरोबर आहे त्याचं. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. तिनं हात करून बसवले, दुपारची वेळ होती, मला हाक मारली. अहो, या जरा. मी आलो, ह्या इथं उभा राहिलो, आणि एका नजरेत कळलं. तुम्हाला काय सांगू, इतकं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. दीड वर्ष माझं टेबल अडवून बसलेल्या माणसाची चूक सापडल्यावर वाटतं तसं.

ठेवा बरं तुमचे हात टेबलावर. ठेवा हो, खाणार नाही मी. इकडे, कडेला. आता उजवा पालथा ठेवा. अंगठा कुठं आला? डावीकडे. आता तो उचला, आणि त्याच जागी डावा ठेवा — पालथा नको, उताणा. तळवा वर. अंगठा कुठं आला? डावीकडेच. बघा. उताणा डावा हा पालथ्या उजव्यासारखा दिसतो. कातडी आहे, रेषा आहेत, नखं आहेत, म्हणून आपल्याला फरक कळतो. नुसती हाडं असतील, त्यावर अजून माती असेल, उजेड कमी असेल, तर भले भले फसतात. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे शिकवायचे. मी शिकवायचो. हाड हातात घेतलं की आधी विचार, हे उताणं आहे की पालथं. राहू द्या हात तसेच, थोडा वेळ. नको? बरं, घ्या काढून.

तर तिला मी हेच करून दाखवलं. तेव्हा नाही. तेव्हा नुसतंच म्हटलं, आतलं बोट बाहेर गेलंय. ती ठोकळ्यांचे डबे आवरायला लागली. म्हणून मग पुढच्या रविवारी मेव्हणी आणि साडू आले होते, तेव्हा. चौघं उभे होतो ह्या टेबलाभोवती. साडू म्हणाला, ताईंनी काय सुंदर केलंय हो. म्हटलं, सुंदर? थांबा, गंमत दाखवतो. तिला म्हटलं, ठेव हात टेबलावर. तिनं ठेवले. म्हटलं, उजवा पालथा. तिनं पालथा केला. म्हटलं, आता काढ, डावा उताणा. तिनं काढला, डावा उताणा ठेवला. पाहुण्यांना सगळं समजावून सांगितलं, म्हटलं, एकतीस वर्षं सांगाडेवाल्याबरोबर संसार केला आणि बाईसाहेबांना स्वतःचा डावा-उजवा कळत नाही. साडू हसला. त्याला कशालाही हसू येतं. मेव्हणी नाही हसली. आणि ती — हात तसाच उताणा, टेबलावर. सुई टोचून टोचून बोटांची टोकं राठ झालेली. माझ्याकडे बघून म्हणाली, असू दे. एवढंच. असू दे, आता असंच राहू दे. आणि चहा करायला आत गेली.

मला वाटलं, हरली.

महिनाभर टेबलाला शिवली नाही ती. मग परत बसायला लागली, मागचे पाय केले, शेपूट सुरू केली. हात काही बदलले नाहीत. दहा मिनिटांचं काम हो. टक्क काढायचे, टक्क लावायचे. मी येता जाता म्हणायचो, अगं, बदल की. असू दे. आडमुठेपणा, दुसरं काय. असंच वाटायचं मला. माणूस समजूतदार असला तर —

पाणी आहे का तिथं? तो तांब्या सरकवा इकडे.

शेपटीच्या आकृत्या वहीच्या शेवटी होत्या. मी शेवटापासूनच वाचत होतो, पुढची पानं बघायची काही गरज नव्हती. तेहतीस मणके झाले, शेवटचं टोक बसवलं, आणि मग सहज — सहज कसलं, हातात काही काम उरलं नव्हतं म्हणून — वही पहिल्यापासून चाळली. तेव्हा कळलं, तिनं पुस्तकातनं काहीच घेतलेलं नव्हतं. दर बुधवारी दुपारी ती म्युझियममध्ये जायची. मला सांगायची, अस्तराचं कापड आणायला जाते. तिथं दोरीच्या अलीकडे उभी राहून माझा सांगाडा उतरवून घ्यायची. मी बसवलेला. हाड न् हाड, सगळ्या बाजूंनी, कपड्याचं माप घेतात तसं. बाजूला तिच्या बारीक अक्षरात, इतकी बोटं, इतका बाक. आणि एका पानावर दोन हात. त्याखाली लिहिलंय — वही आत आहे, दाखवणार नाही मी तुम्हाला — लिहिलंय, 'डावा उजवीकडे आहे. ह्यांनी लावलाय तसाच करायचा.'

बोला आता.

मी दुसऱ्याच दिवशी म्युझियममध्ये गेलो. दारं उघडायच्या आधी, तिथला पहारेकरी ओळखतो मला. निवृत्तीनंतर तीन वर्षांत पहिल्यांदा पाऊल ठेवलं. हात वर असतात त्याचे, जमिनीपासून दीड माणूस उंच, खालून बघणाऱ्याची नजर जाते थेट जबड्याकडे. बावीस वर्षं सगळ्यांची तिकडेच गेली. प्रोफेसर आले, बाहेरून मोठी मंडळी आली, फोटो काढले, छापले, सगळे जबड्याला भुलले. मी त्याच्या खाली उभा राहिलो आणि माझे हात वर केले, त्याच्यासारखे, अंगठे कुठं येतात बघायला. पहारेकरी मागून म्हणतो, साहेब, हात वर कशाला, कुणी पिस्तूल रोखलंय का? म्हटलं, हो बाबा, रोखलंय.

आतलं बोट बाहेर. दोन्हीकडे.

कसं झालं ते मला माहितीये. पक्कं आठवतंय, विसरलो होतो पण आठवलं. उद्घाटनाची तारीख ठरलेली, चार दिवस राहिलेले. हाडं जोडताना ती वाळूच्या ट्रेमध्ये ठेवायची असतात, हलू नयेत म्हणून. दोन्ही हात उताणे ठेवले होते मी, कारण लोखंडी सळई तळव्याच्या बाजूनं चिकटवायची होती. त्यांना चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या होत्या. ती डबा घेऊन आली होती माझा, संध्याकाळ झाली म्हणून. मी तिच्याकडे दिवा दिला, म्हटलं, धर. ती धरून उभी होती. मी चिठ्ठ्या लिहिल्या, चिकटवल्या. ती वाकून बघत म्हणाली, अहो, हा उजवा कसा? तीस वर्षं त्या बाईनं बाह्या जोडल्या, एकदाही डावी बाही उजवीकडे गेली नाही. बाहीला आतली बाजू असते, बाहेरची असते, तिच्या बोटांना कळायचं, डोळ्यांची गरज नव्हती. ती विचारतेय, हा उजवा कसा. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, हे शिवणकाम नाही. दिवा सरळ धर.

तिनं सरळ धरला.

म्हणजे बावीस वर्षं. आणि त्या रविवारी ह्या टेबलापाशी, माझी चूक तिच्या पदरात टाकून मी तिला डावा-उजवा शिकवत होतो, पाहुण्यांसमोर. एक शब्द पुरला असता तिला. तिथंच, साडूसमोर. म्हणाली असती, जाऊन बघा की तुमच्या म्युझियममध्ये — संपलो असतो मी. माझ्याकडे होतं काय हो दुसरं? श्रेणी दोन.

का नाही सांगितलं? मला काय विचारताय? तुम्ही सेक्रेटरी, तुम्ही परीक्षक, तुम्हीच सांगा. तुमच्या पत्रात आहे का ते कुठं? 'तथापि'च्या खाली?

असो. मी गेल्या आठवड्यात म्युझियमला लेखी कळवलं. नाव घालून, सही करून, चूक माझी. नवा डायरेक्टर आहे, पोरसवदा, त्यानं फोन केला, म्हणतो, आभारी आहोत, एवढ्या वर्षांनी कुणी असं कळवत नाही. आवाजात हसू दाबलेलं कळतं हो मला. दाबू दे. येत्या सोमवारी शिडी लावणार आहेत. दोन्ही हात उतरवतील, बदलून बसवतील, आतलं बोट आत. बरोबर होईल सगळं. पाटीवर काही लिहिणार नाहीत, कुणाला कळणारसुद्धा नाही.

म्हणजे सोमवारनंतर मी लावलेले हात, मी लावले तसे, ह्या एकाच ठिकाणी असतील. आणि ते बदलायला तुम्ही पिशवी घेऊन आलात.

भिंतीकडेला ठेवा. दाराशी ठेवा, जिन्याखाली ठेवा, मला काही फरक पडत नाही. दातांच्या डॉक्टरला सांगा, चूक आहे म्हणावं, माहितीये. पण बाईंची नाही. कार्डावर त्यांचं नाव लिहायचं, आणि खाली बारीक अक्षरात, शेपटीचे शेवटचे तेहतीस मणके नवऱ्याचे, दोन्ही हातांची चूक नवऱ्याची. हेच शब्द. देखणं वगैरे काही लिहायचं नाही. आणि मी काही तिथं यायचा नाही, सांगून ठेवतो. दालनभर पन्नाशीची माणसं ठोकळ्यांच्या आगगाड्या फिरवताहेत, ते बघायला? खोका तयार आहे, तो कोपऱ्यातला. आतून फोम लावलाय, शेपटीला वेगळा कप्पा आहे. म्युझियममध्ये हाड एका इमारतीतून दुसरीत न्यायचं असलं तरी आम्ही असंच करायचो. चला, धरा तिकडून. खालून धरायचं, तो उभा आहे त्या पाटाला धरायचं, त्याला नाही. हळू. एक, दोन —

थांबा.

ठेवा. ठेवा खाली. होतं तसं ठेवा.

काही नाही. टेबल — तुम्ही उचललंत आणि खालचं लाकूड दिसलं. वर्तमानपत्राच्या मधे. तिथं डाग आहे एक, तो — नाही, काही नाही. तुमची उचलायची पद्धत बरोबर नाही. डावा हात मागं राहतो तुमचा. शेपूट आपटेल कुठंतरी, तेहतीस मणके आहेत, माझा वेळ गेलाय त्यात. मी आणतो. शनिवारी सकाळी मी घेऊन येतो, माझ्या हातानं. दहाला उघडता ना? मी नऊला दाराशी असेन. नाही, मदतीला कुणी नको. मला सवय आहे.

आता निघा तुम्ही. जिन्यावर तिसरी पायरी हलते, जपून. दार नुसतं ओढून घ्या, लागतं ते आपोआप.

अहो — पिशवी. पिशवी राहिली तुमची. घेऊन जा ती.